उसनी रायफल

नेमबाजी शिकायला निघालेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, पहिली रायफल कोणती घेऊ आणि कुठल्या बोअरची? अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर दुकानदार देतो. भारतात ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम परवाना कोणाला द्यायचा ते सांगतं. त्यात एक पोटकलम खास नेमबाजांसाठी आहे: केंद्र सरकारनं मान्य केलेल्या रायफल क्लबाच्या सदस्याला सरावासाठी पॉइंट २२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल. संसदेनं नवशिक्याच्या नळीचा व्यास कायद्यात लिहून ठेवला आहे!

असं का झालं याचा शोध घेताना मला जी गोष्ट सापडली ती बंदुकीच्या तंत्रापेक्षा विश्वासाची जास्त आहे. पहिली रायफल बहुतेक वेळा विकत घेतलेली नसते, कुणीतरी हातात दिलेली असते. ती देणारा कोण, घेणारा कोण, आणि देणाऱ्याला घेणाऱ्याची भीती किती वाटते, यावर कॅलिबर ठरत आलं आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास. ‘.२२’ म्हणजे इंचाचे बावीस शतांश, साधारण साडेपाच मिलिमीटर. आपल्याकडे त्याला सरसकट ‘पॉइंट टू टू’ म्हणतात. ‘.३०३’ म्हणजे इंचाचे तीनशे तीन सहस्रांश. शिकारीच्या ‘बारा बोअर’चा हिशेब मात्र वेगळा. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. म्हणून तिथे आकडा लहान तशी नळी मोठी. आणि रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पेचदार आटे पाडलेले असतात ती. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत आणि रायफलीत फरक आहे तो इतकाच, पण इतिहास घडवायला तो पुरला.

१८५७ कडे आपण काडतुसाच्या बाजूनं पाहतो, शिकणाऱ्याच्या बाजूनं क्वचित. कंपनीच्या शिपायांच्या हातात तोवर गुळगुळीत नळीची ‘ब्राउन बेस’ होती. तिच्या जागी .५७७ बोअरची एनफिल्ड आली. ती शिकवण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं उघडली आणि पलटणींतून निवडक माणसं तिकडे पाठवली. म्हणजे काडतुसाची कुजबुज जिथून सुरू झाली ते डमडम ही नवशिक्यांची शाळा होती. वर्षानुवर्षं नोकरी झालेले शिपाई तिथे पहिल्यांदा रायफल शिकत होते. काडतूस कागदाचं असायचं. ते दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी गजानं ठासायची. कागदाला चरबी लावलेली. ती कशाची, हा प्रश्न शिकणाऱ्यांनी विचारला आणि त्यांना पटेल असं उत्तर शिकवणाऱ्यांकडे नव्हतं. मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. एप्रिलमध्ये मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांना मिळणारी काडतुसं एनफिल्डची नव्हतीही, पण तोवर विश्वासच उडाला होता.

त्याच १८५७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफिल्ड गावी स्मिथ अँड वेसन कंपनीनं एक छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याचं काडतूस धातूचं होतं. गोळी, दारू आणि ठिणगी देणारा मसाला, सगळं एका चिमुकल्या डबीत. दातांनी फाडायचं काही उरलंच नाही. ते पहिलं .२२. पुढे १८८७ मध्ये स्टीव्हन्स या अमेरिकन कंपनीनं त्याला लांब आवरण आणि जड गोळी दिली, आणि ‘.२२ लाँग रायफल’ तयार झालं. आज ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर चालतं ते हेच. मेरठच्या नकाराशी याचा काडीचा संबंध नाही. पण एकाच वर्षात एका काडतुसानं भारतीय माणसाच्या हातातून रायफल गेली, आणि दुसरं असं निघालं की शंभर वर्षांनी त्याच माणसाला परत देताना सरकारला त्याचीच निवड करावीशी वाटली.

रायफल गेली हे अक्षरशः खरं आहे. उठाव मोडल्यावर देशी पलटणींना एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आटे नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली. बाहेरून सारखी, आतून आंधळी. गोऱ्या सोजिराचा नेम जिथवर पोचेल तिथवर देशी शिपायाचा पोचू नये, इतका साधा हिशेब. नागरिकांची पाळी १८७८ मध्ये आली. लॉर्ड लिटनच्या सरकारनं एकाच वर्षात देशी वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला आणि शस्त्रांचाही. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात गेला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही बारा वर्षं टिकला. भारतीयाला परवाना आवश्यक, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला त्यातून सूट, अशी त्याची रचना होती.

ही सूट कशी दिसायची याचं सर्वांत बोलकं उदाहरण एका शाळकरी मुलाचं आहे. जिम कॉर्बेटचा जन्म १८७५ चा, नैनितालचा. ‘जंगल लोअर’ या पुस्तकात त्यानं आपल्या पहिल्या बंदुकांविषयी लिहिलं आहे. आधी एक ठासणीची दुनळी, तिची एक नळी तडकलेली. मग दहाव्या वर्षी तो नैनिताल स्वयंसेवक दलाच्या शाळकरी तुकडीत भरती झाला आणि तिथल्या सार्जंट-मेजरनं त्याला .४५० ची मार्टिनी रायफल वापरायला दिली. अट इतकीच की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत आणायची. मार्टिनीची लष्करी गोळी साधारण ३१ ग्रॅमची, खांद्याला बसणारा दणका जबर. दहा वर्षांच्या पोराला शिकण्यासाठी याहून वाईट कॅलिबर शोधून सापडणार नाही. तरी तो शिकला, कारण जंगल होतं, वेळ होता आणि रायफल उसनी का होईना, मिळाली होती.

आता तो काळ लक्षात घ्या. १८८५ च्या आसपास दहा वर्षांचा गोरा मुलगा सरकारी रायफल घेऊन जंगलात हिंडत होता. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसची स्थापना करायला जमलेल्या वकील-डॉक्टरांपैकी कुणाला ती परवान्याशिवाय जवळ बाळगता आली नसती. दोन वर्षांनी, १८८७ मध्ये, मद्रासच्या अधिवेशनात मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना काँग्रेसनं शस्त्र कायदा सैल करा असा ठराव केला. त्यातला सूर अपमानाचा होता: आम्ही राजनिष्ठ, तरी आमच्यावर हा कलंक का? मवाळांच्या पहिल्या काही मागण्यांत बंदूक आहे याचं मला आधी आश्चर्य वाटलं होतं. नंतर कळलं, मागणी बंदुकीची कमी आणि बरोबरीची जास्त होती. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या यादीतही, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. राज्यघटनेत तो आला नाही.

.२२ ला ‘शिकण्याची रायफल’ हे रूप मिळालं ते ब्रिटनमध्ये, आणि ते देणाऱ्या माणसाचा जन्म होता कानपूरचा. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स. १८५७-५८ च्या लढायांत लढलेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, पुढे भारताचा सरसेनापती झालेला. १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झालं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी ७ मिलिमीटरच्या मॉझर रायफलींनी जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या फौजेला घाम फोडला. रॉबर्ट्सचा एकुलता मुलगा कोलेन्सोच्या लढाईत गेला. शेतावर लहानपणापासून बंदूक हाताळणारा बोअर आणि कारखान्यातून उचलून आणलेला इंग्रज शिपाई यांच्या नेमातली तफावत सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. लंडन-मँचेस्टरच्या मजुराला नेम शिकवायचा कुठे? .३०३ साठी शेकडो यार्ड मोकळं रान लागतं, मागे टेकडी लागते. .२२ ला शाळेचं सभागृहही चालतं. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली आणि रॉबर्ट्सनं तिचा हिरिरीनं पाठपुरावा केला. पंचवीस यार्डांची छोटी रेंज, स्वस्त काडतूस, क्लबाची सामाईक रायफल. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं त्यासाठी खास रायफली काढल्या. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये .२२ चे सामने होते. भारतात ज्यांनी रायफल काढून घेतली, त्यांच्यातल्याच एकानं आपल्या देशातल्या गरिबाला ती उसनी मिळावी म्हणून आयुष्याची शेवटची वर्षं खर्च केली.

हे कॅलिबर शिकण्यासाठी चांगलं का, हे मात्र राजकारणानं कळत नाही, खांद्यानं कळतं.

मी कॉलेजात असताना एनसीसीत होते. ही संघटना १९४८ च्या कायद्यानं उभी राहिली, हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या अहवालावरून. मुलींचा विभाग १९४९ मध्ये सुरू झाला. आमच्या हातात .२२ च्या ज्या रायफली यायच्या त्या आमच्यापेक्षा वयानं मोठ्या होत्या. दस्त्यावरचं लाकूड कित्येक गालांनी घासून गुळगुळीत झालेलं. पोटावर पडायचं, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा, पाच गोळ्या. आवाज एखाद्या कोरड्या फांदीसारखा, झटका जवळपास नाहीच. उठताना सुभेदारसाहेब रिकामी काडतुसं मोजून घेत. एक कमी भरलं तर सगळी तुकडी गुडघ्यांवर बसून गवत चाळत असे. कॉर्बेटला घातलेली अट आणि आमची अट एकच होती, हे मला फार नंतर वाचताना लक्षात आलं.

झटका नसण्याचं महत्त्व असं. मोठ्या कॅलिबरची रायफल दोन-तीनदा खांद्यावर आदळली की शरीर पुढच्या वेळी आधीच सावध होतं. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, नळीचं तोंड खाली जातं. नेमबाजाला वाटतं आपला नेम चुकला. खरं तर तो गोळी सुटण्याआधीच दचकलेला असतो. ही सवय एकदा जडली की सुटता सुटत नाही. .२२ ची गोळी अवघी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. .३०३ ची ११.३ ग्रॅमची, वेग ७४० च्या पुढे. ऊर्जेत फरक बावीस पटींचा. .२२ मध्ये भिण्यासारखं काही नसल्यामुळे लक्ष्यावर जे छिद्र पडतं ते तुमच्या श्वासाचं, बोटाचं, ढिल्या कोपराचं असतं. पाच छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर पद्धत बरोबर, मग ती मध्यापासून लांब का असेनात. साइट नंतर सरकवता येते. विखुरली असतील तर साइट सरकवून काही होत नाही, स्वतःला सरकवावं लागतं.

म्हणजे सरकारनं जे कॅलिबर कमी धोक्याचं म्हणून निवडलं, ते शिक्षकानं उत्तम म्हणून निवडलं असतं. दोन वेगळ्या कारणांनी एकच उत्तर आलं. पण कारणं वेगळी आहेत हे विसरता कामा नये, कारण भीतीचं उत्तर जिथे थांबतं तिथून पुढे शिकवण्याचं उत्तर चालू राहायला हवं.

भीतीचा हिशेब बघायचा तर .३१५ बघावं. फौजेचं कॅलिबर नागरिकाच्या हाती जाऊ नये, नाहीतर चोरलेली फौजी काडतुसं त्याच्या रायफलीत चालतील, हा इंग्रजी काळापासूनचा विचार. त्यामुळे .३०३ बंद. मग शिकाऱ्यांसाठी इंग्रज कारखानदारांनी ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावरून .३१५ काढलं. ताकदीनं .३०३ च्या फार मागे नाही, पण इथल्या फौजेत नाही, म्हणून चालतं! स्वातंत्र्यानंतर आपण ही यादी तशीच पुढे नेली. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर निषिद्ध, .३१५ परवान्यावर. ती रायफल बनते बंगालमध्ये ईशापूरच्या सरकारी कारखान्यात, मंगल पांडेच्या बराकपूरपासून हाकेच्या अंतरावर.

१९५९ चा कायदा आला तेव्हा नेमबाजांच्या बाजूनं बोलणारी संस्था उभी होती. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही १९५१ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेले मराठी गृहस्थ. खादीधारी सत्याग्रही रायफल संघटनेचा अध्यक्ष, हे ऐकायला विचित्र वाटतं. मला ते कराचीच्या ठरावाशी जुळणारं वाटतं. हत्यार चालवायची इच्छा असणं वेगळं आणि ते शिकायची मुभा नसणं वेगळं. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी मावळंकरांच्या नावानंच ओळखली जाते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली आणि रायफलीला रेंजखेरीज जागा उरली नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला १० मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली आणि नवशिक्याचं कॅलिबर आणखी एक पायरी उतरलं: .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटर. हवेच्या दाबानं सुटणारा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे याहून मोठा बोअर किंवा २० ज्यूलहून जास्त ऊर्जा असेल तरच एअर रायफलीला परवाना लागतो. .५७७, .४५०, .३०३, .२२, .१७७ अशी ही उतरंड. नळी अरुंद होत गेली तसं दार रुंद होत गेलं.

त्या दारातून कोण आत आलं ते आपल्या जवळचं आहे. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीत आल्या आणि २००० मध्ये सिडनीला एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. रायफल? तेच .२२. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं.

पण आता भीतीची जागा पैशानं घेतली आहे. स्पर्धेची रायफल जर्मनीहून येते आणि किंमत लाखांच्या घरात जाते. शिवाय जाकीट, छर्रे, काडतुसं, रेंजची फी. मुलीला नेमबाजी शिकवायची म्हणून आधी रायफलच घेऊन टाकणारे पालक मी पाहिले आहेत. वर्षभरात मुलीचे हात लांबतात, दस्ता आखूड पडतो, किंवा तिला बॅडमिंटन आवडू लागतं. म्हणून मला कुणी विचारलं तर मी म्हणते, पहिली रायफल घेऊच नका. जवळच्या क्लबाच्या १० मीटर रेंजवर जा, .१७७ उसनी घ्या, वजन पेलतं का बघा, दस्ता ओढून न ताणता खांद्याला लागतो का बघा. सहा महिने टिकलात तर .२२ हातात घ्या, तीही क्लबाची. झटका देणाऱ्या रायफलीच्या मोहात पहिल्या दोन वर्षांत पडू नका.

यातली अडचण उघड आहे. ‘जवळचा क्लब’ बऱ्याच तालुक्यांत नाही. घरोघरी रायफल असावी असं मला मुळीच वाटत नाही. त्या बाबतीत आपला कायदा कडक आहे ते बरंच आहे. पण बाळगण्यावरच्या बंधनाचा शिकण्यावर परिणाम होऊ द्यायचा नसेल, तर उसनी देणारं कुणीतरी हवं. १८७८ पासून मागितलं गेलं ते हेच होतं, आणि ते द्यायला फार काही लागत नाही: एक लांब खोली, मागे जाड भिंत, दोन एअर रायफली, शिकवणारा एक माणूस. आणि भिंतीवर दोन ओळींची सूचना, रायफल स्वच्छ करून ठेवावी, उरलेले छर्रे मोजून परत करावेत.